मुलुंड ते सीप्झ: मासिक पासाच्या बसचे सहा महिने

मुलुंड पूर्वेहून अंधेरीच्या सीप्झ आणि एमआयडीसी भागात कामाला जाणाऱ्यांसाठी एक खासगी कंपनी मोबाइलवरून जागा आरक्षित करता येईल अशी वातानुकूलित बस चालवते. या बसचा मासिक पास मी जून ते नोव्हेंबर २०२५ असे सलग सहा महिने वापरला. त्याआधीची आठ वर्षे मी हाच प्रवास स्वतःच्या मोटारीने करत होते, त्यामुळे बसबद्दलचे माझे मत त्या आठ वर्षांशी तुलना करूनच बनले आहे. कंपनीचे नाव येथे देत नाही. ज्या त्रुटी पुढे लिहिणार आहे त्या अशा इतर बसमध्येही आढळतात असे सहप्रवाशांकडून अनेकदा ऐकले, आणि एकाच कंपनीला धारेवर धरणे मला योग्य वाटत नाही. या मार्गावर रोज जाणाऱ्याला पास काढावा की नाही हे ठरवता यावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

या मार्गाची अडचण आधी सांगितली पाहिजे, कारण ती समजल्याशिवाय बसचे गुणदोष समजणार नाहीत. मुंबईची लोकल उत्तर-दक्षिण धावते. मध्य रेल्वे पूर्वेकडून, पश्चिम रेल्वे पश्चिमेकडून, आणि मधल्या आडव्या प्रवासाची भिस्त मुख्यतः रस्त्यांवर. ठाण्याच्या घोडबंदर रस्त्यानंतर दक्षिणेकडे येताना संजय गांधी राष्ट्रीय उद्यान मध्ये येते, आणि त्याच्या खाली पूर्व आणि पश्चिम द्रुतगती महामार्गांना जोडणारा पहिला मोठा रस्ता म्हणजे जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्ता. गोरेगाव-मुलुंड जोडरस्त्याचे काम अजून चालू आहे. म्हणजे मुलुंड, भांडुप, नाहूर आणि ठाण्याहून अंधेरीकडे जाणारी बहुतेक वाहने विक्रोळीपाशी एकाच तोंडातून आत शिरतात. त्याच रस्त्यावर मेट्रो ६ चे काम, पवईच्या आयआयटीपाशी वळणाऱ्या गाड्या, साकी विहार रस्त्याकडे जाणारी वाहने आणि तलावाच्या कडेने चालणारी अवजड वाहतूक. ऑक्टोबर २०२४ मध्ये मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांना पथकर माफ झाला. त्याने नाक्यावरची रांग कमी झाली हे खरे, पण नाका लवकर ओलांडलेली मोटार पुढे विक्रोळीच्या त्याच तोंडाशी येऊन उभी राहते.

माझ्या घरापासून कार्यालयापर्यंतचे अंतर सोळा-सतरा किलोमीटर आहे. मोटारीने जात असताना डॅशबोर्डच्या खणात मी एक छोटी वही ठेवली होती आणि २०२४ मध्ये तीन महिने रोज निघण्याची आणि पोहोचण्याची वेळ त्यात लिहिली. सर्वात लवकर पोहोचले ते बेचाळीस मिनिटांत, सर्वात उशिरा एक तास पंचावन्न मिनिटांनी. दोन्ही दिवस मंगळवार होते आणि दोन्ही दिवशी मी सव्वाआठलाच निघाले होते. त्या वहीतून मला एवढेच कळले की सरासरी काढून काही उपयोग नाही. रोज दीड तास लागत असता तर मी दीड तास धरून निघाले असते, आयुष्य त्याप्रमाणे लावून घेतले असते. पण आज पाऊण तास लागेल की दोन तास, हे गांधीनगरच्या सिग्नलपर्यंत पोहोचेपर्यंत कळत नसे, आणि तिथे पोहोचल्यावर कळून काही करता येत नसे, कारण मागे वळायला जागाच नसते.

सकाळी उशीर झाला तर त्याची भरपाई मी कामावर थोडे जास्त थांबून करत असे. संध्याकाळचे तसे नव्हते. माझी आई अंथरुणाला खिळलेली आहे, आणि दिवसभर तिच्याजवळ बसणाऱ्या मावशी साडेसातला निघतात, कारण त्यांना मुलुंडहून कळव्याची गाडी पकडून घरी जाऊन स्वयंपाक करायचा असतो. मी पवईच्या तलावापाशी अडकले की इकडे मावशी दाराशी चपला घालून उभ्या राहत. त्या कधी एका शब्दाने बोलल्या नाहीत. पण दार उघडताच माझ्या हातात औषधांचा डबा देऊन आणि आईने किती चमचे पेज घेतली ते जिना उतरता उतरता सांगून त्या निघत, तेव्हा माझ्या उशिराची किंमत आपल्या घरच्या चुलीपाशी कोणीतरी मोजत आहे हे मला दिसे. अमुक वाजता येते असे खात्रीने सांगता यावे, एवढीच माझी गरज होती, आणि बसकडे मी त्याच अपेक्षेने गेले.

लोकल आणि मेट्रोने का जात नाही, असा प्रश्न कोणीही विचारेल आणि तो योग्यच आहे. मुलुंड ते घाटकोपर लोकल, तिथून जून २०१४ पासून चालू असलेली मेट्रो १, मरोळ नाक्याला उतरून पुढे चालत किंवा शेअर रिक्षाने, असा तो मार्ग. कंबरेच्या जुन्या दुखण्यामुळे सकाळच्या गर्दीत उभे राहणे मला जमत नाही. सकाळी साडेआठ-नऊच्या सुमारास घाटकोपरच्या पुलावर माणूस स्वतःच्या पायांनी चालत नाही, गर्दी नेईल तिकडे जातो. मेट्रो १ ची गाडी चारच डब्यांची आहे आणि सकाळच्या वेळी घाटकोपरला ती पहिल्याच स्थानकात भरते. बेस्टची बस हाही एक मार्ग आहे. १९२६ पासून बस चालवणाऱ्या आणि एकेकाळी चार हजारांहून अधिक बस बाळगणाऱ्या या संस्थेवर माझ्या आईवडिलांची पिढी विसंबून राहिली. आज ताफा बराच आटला आहे, आणि जोडरस्त्यावर बस मिळाली तरी ती इतर वाहनांबरोबर त्याच रांगेत उभी राहते, कारण तिच्यासाठी वेगळी मार्गिका नाही.

आता बसविषयी. बस स्वच्छ असते, हे पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत खरे ठरले. आसने मागे झुकतात, पाय ठेवायला जागा पुरेशी आहे, आणि प्रत्येकाला आपली जागा आधी निवडता येते, त्यामुळे उभे राहण्याचा प्रश्नच येत नाही. वातानुकूलन जून महिन्यात थोडे जास्तच थंड होते, ते सांगितल्यावर चालकांनी लगेच कमी केले. आमच्या सकाळच्या बसचे चालक पन्नाशीचे गृहस्थ आहेत. कांजूरमार्गपाशी डाव्या मार्गिकेत उगाच घुसून पुन्हा उजवीकडे येण्याचा प्रकार मी मोटार चालवताना रोज पाहिला आणि कधी कधी स्वतःही केला. हे चालक सहा महिन्यांत एकदाही तसे करताना दिसले नाहीत. ते आपल्या मार्गिकेत शांतपणे उभे राहतात, ब्रेक हळू दाबतात, आणि चढावर गाडी मागे सरकू देत नाहीत. ज्याची कंबर दुखते त्याला या गोष्टीचे मोल कळेल. मोटारीत क्लच दाबून दाबून डावा पाय संध्याकाळी सुजत असे, तो त्रास पहिल्या पंधरा दिवसांतच थांबला.

वेळ मात्र वाचला नाही, आणि या बसच्या जाहिरातीत वेळ वाचतो असे जे म्हटले आहे ते चुकीचे आहे. बस त्याच रस्त्याने जाते आणि मध्ये चार ठिकाणी थांबते. माझ्या मोटारीपेक्षा तिला दहा-पंधरा मिनिटे जास्तच लागतात. पण ती वेळ माझ्या हातात राहते. मी वाचते, डोळे मिटून पडते, आईच्या डॉक्टरांना संदेश पाठवते. रांग लागलेली असली तरी माझे खांदे आखडलेले नसतात. केवळ यासाठी पास काढावा असे कोणाला वाटले तर मी त्याला अडवणार नाही.

माझी खरी तक्रार बस कुठे आहे हे कळण्याविषयी आहे. ॲपमध्ये नकाशावर बसचा ठिपका दिसतो आणि किती मिनिटांत येईल तो आकडा दिसतो. हा आकडा विश्वासार्ह नाही. बस ठाण्याहून निघते, आणि कोपरी पुलापाशी वाहतूक तुंबली की ठिपका तिथेच थिजतो, पण मिनिटांचा आकडा सात, सहा, पाच असा उतरत जातो आणि मग एकदम बावीस होतो. नवघर रस्त्याच्या टोकाशी उभे राहून तो आकडा पाहत बसण्यात मी किती सकाळी घालवल्या याचा हिशेब नाही. पाच मिनिटे म्हटल्यावर माणूस सावलीत जाऊन बसत नाही, पाणी प्यायला जात नाही, रस्त्याकडे तोंड करून उभा राहतो.

या अडचणीवर उपाय कंपनीने काढला नाही, एका प्रवासी ताईंनी काढला. त्या ठाण्याला पहिल्या थांब्यावर बसतात. आमच्या बसच्या प्रवाशांचा व्हॉट्सॲपवर एक गट आहे, आणि त्यावर त्या रोज सकाळी न चुकता दोन ओळी लिहितात. ‘गाडी सुटली. कोपरी मोकळा.’ किंवा, ‘दहा मिनिटे उशीर, पुलावर टेम्पो बंद.’ एवढेच. या दोन ओळी वाचून मी घरून निघते. आईला उठवून बसवायचे की आधी चहा द्यायचा, हेदेखील मी त्या दोन ओळींवरून ठरवते. ऑक्टोबरमध्ये त्या आठवडाभर गावी गेल्या होत्या, आणि त्या आठवड्यात आम्ही सगळेच प्रवासी रोज थांब्यावर ताटकळलो. एका दिवशी बस पंचवीस मिनिटे उशिरा आली आणि ॲपने त्याबद्दल एक अक्षर कळवले नव्हते. एवढे पैसे घेणाऱ्या सेवेची वेळ समजण्यासाठी आम्हाला एका भल्या बाईच्या सौजन्यावर अवलंबून राहावे लागावे, ही गोष्ट मला मनापासून खटकते. चालक निघताना एक बटण दाबून उशीर कळवू शकतात. त्यासाठी नवा पूल लागत नाही की रुंद रस्ता लागत नाही. वाहतूक कंपनीच्या हातात नाही हे मला पूर्ण मान्य आहे, पण खरी वेळ सांगणे तिच्या हातात आहे.

थांब्यांबद्दल काही प्रवासी फार तक्रार करतात. बस बेस्टच्या थांब्यावर का थांबत नाही, असा त्यांचा प्रश्न असतो. याचे कारण परवान्यात आहे. मोटार वाहन कायदा, १९८८ मध्ये टप्पा वाहतूक आणि कंत्राटी वाहतूक असे दोन वेगळे परवाने आहेत. टप्पा वाहतुकीच्या बसला वाटेत कोणालाही चढवता-उतरवता येते, कंत्राटी परवान्याच्या बसला आधी ठरलेल्या प्रवाशांनाच नेता येते. अशा खासगी बस सहसा दुसऱ्या प्रकारच्या परवान्यावर चालतात. म्हणून त्यांचे थांबे पुलाखाली, पेट्रोल पंपाच्या पुढे, सर्व्हिस रोडच्या तोंडाशी असे असतात, जिथे ना छप्पर, ना बाक. आमचा मुलुंडचा थांबा त्यातल्या त्यात बरा आहे, शेजारी दुकानाची पत्र्याची पडवी आहे. परतीचा सीप्झजवळचा थांबा मात्र पावसात अतिशय वाईट. गटाराच्या झाकणावर पाय ठेवून उभे राहावे लागते, आणि वाहनांनी उडवलेले पाणी थेट अंगावर येते. ज्येष्ठ नागरिकाने किंवा गरोदर बाईने संध्याकाळी तिथे उभे राहू नये असेच मी सांगेन.

जुलैमधली एक संध्याकाळ सविस्तर सांगावी लागेल, कारण सेवेची परीक्षा अशाच दिवशी होते. दुपारपासून पाऊस कोसळत होता. माझी परतीची बस सव्वासहाची. सहा वाजता ॲपमध्ये ‘वेळेवर’ असे हिरव्या अक्षरांत दिसत होते. सहा वीसला ‘दहा मिनिटे’. सहा पस्तीसला पुन्हा ‘दहा मिनिटे’. सहा एक्केचाळीसला फेरी रद्द झाल्याचा संदेश आला, खाली क्षमस्व आणि एक फुलाचे चित्र. तोपर्यंत आम्ही नऊ जण त्या थांब्यावर भिजत उभे होतो. रिक्षा मिळेना. टॅक्सीच्या ॲपवर भाडे नेहमीच्या तिप्पट, आणि तेही कोणी स्वीकारेना. मी मावशींना फोन केला. त्या म्हणाल्या, ‘ताई, तुम्ही सावकाश या, मी थांबते, पण साडेआठनंतर मला गाडी नाही मिळाली तर घरचं कोण बघेल?’ त्यांचा प्रश्न रास्त होता आणि माझ्याकडे त्याला उत्तर नव्हते.

एका सहप्रवाशाने सुचवले म्हणून मी एमआयडीसी अंधेरीच्या भुयारी स्थानकाकडे चालत गेले. मेट्रो ३ चा आरे ते वांद्रे-कुर्ला संकुल हा टप्पा ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाला होता, पण तिचा उपयोग दक्षिणेकडे जाणाऱ्यांना, आपल्याला काय, असे मी धरून चालले होते. एमआयडीसीहून पुढचेच स्थानक मरोळ नाका. तिथे वर येऊन मेट्रो १ पकडली. साकीनाका, असल्फा, जागृतीनगर आणि मग घाटकोपर. खाली रस्त्यावर गाड्यांचे लाल दिवे एकाला एक चिकटून उभे होते आणि आमची गाडी त्यांच्यावरून सरळ निघाली होती. घाटकोपरला धीम्या लोकलच्या महिला डब्यात दाराशी उभी राहिले, विक्रोळीनंतर बसायला मिळाले. घरी पोहोचले तेव्हा आठ वाजून सहा मिनिटे झाली होती. मावशींनी छत्री उघडली आणि त्या निघाल्या. त्यांना आठ एकवीसची गाडी मिळाली असे त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितले. आमच्यापैकी जे टॅक्सी मिळवण्यात यशस्वी झाले ते साडेनऊनंतर मुलुंडला पोहोचले.

रद्द झालेल्या फेरीचे पैसे मला परत मिळाले का, तर नाही. ते ॲपमधल्या वॉलेटात जमा झाले आणि ते फक्त पुढच्या पासासाठीच वापरता येतात. मी तक्रार नोंदवली, दोन दिवसांनी छापील उत्तर आले की मुसळधार पाऊस हे कंपनीच्या नियंत्रणाबाहेरचे कारण आहे. पावसाबद्दल माझी तक्रारच नव्हती. फेरी निघणार नाही हे सहा वाजता ठाऊक असेल तर सहा वाजता सांगावे, आणि ठाऊक नसेल तर ‘वेळेवर’ असे लिहू नये, एवढेच मी लिहिले होते. त्याला पुन्हा उत्तर आले नाही. फोनवर बोलणाऱ्या मुली मात्र अतिशय सौजन्याने बोलतात हे नमूद केले पाहिजे. निर्णयाचा अधिकार त्यांच्याकडे नाही, तो दोष त्यांचा नव्हे.

खर्चाचे म्हणाल तर पासाप्रमाणे एका बाजूला मला शंभर रुपयांच्या आसपास पडतात. मोटारीला या रांगेत लिटरमागे दहा किलोमीटरही कष्टाने मिळत, आणि मुंबईत पेट्रोल लिटरला एकशे तीन रुपयांच्या पुढे असताना रोजचा खर्च साडेतीनशेपर्यंत जात असे, वाहनतळाचे पैसे वेगळे. म्हणजे बस स्वस्त आहे. मेट्रो आणि लोकल त्याहून खूपच स्वस्त. ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई वन हे ॲप आल्यापासून मेट्रो ३, मेट्रो १ आणि लोकलचे तिकीट एकाच ठिकाणी काढता येते, त्यामुळे मरोळ नाक्याला आणि घाटकोपरला तिकिटासाठी थांबावे लागत नाही. जुलैमध्ये त्या पावसात मी तीन वेगवेगळी तिकिटे काढली होती.

पाचपैकी गुण द्यायचे तर सकाळच्या बसला मी चार देईन, आणि ते मुख्यतः चालकांना आणि स्वच्छतेला. संध्याकाळच्या बसला दोन. घरी कोणी वाट पाहत नसेल, अर्धा-पाऊण तास इकडे-तिकडे झाल्याने बिघडत नसेल, किंवा मोटार चालवून पाठ-पाय दुखत असतील, तर पास जरूर काढावा. पाळणाघर बंद होण्याआधी मूल आणायचे आहे, कोणाला औषध द्यायचे आहे, दुसऱ्या कोणाची सुट्टी आपल्या पोहोचण्यावर अवलंबून आहे, अशांनी संध्याकाळी या बसवर विसंबू नये. आधी पास दोन्ही वेळचा एकत्रच मिळत असे, तो वेगळा करावा असे आम्ही चौदा प्रवाशांनी मिळून कंपनीला लेखी कळवले होते, आणि आनंदाची गोष्ट म्हणजे डिसेंबरपासून ती सोय सुरू झाली आहे.

मी आता फक्त सकाळचा पास काढला आहे. संध्याकाळी सहा दहाला कार्यालयातून निघते, एमआयडीसी, मरोळ नाका, घाटकोपर आणि मुलुंड. जिने चढताना कंबर बोलते, म्हणून घाटकोपरला सरकता जिना जिथे आहे त्या बाजूने वळसा घालून जाते, त्यात चार मिनिटे जास्त जातात. सात पंचवीसला मी दाराशी असते. पहिले काही दिवस मावशी माझ्याकडे पाहून घड्याळाकडे पाहत. आता मी येईपर्यंत त्या चहा टाकून ठेवतात, दोघी बसून तो पितो, आणि मग त्या चपला घालतात.